रंगमंदिराचा जीर्णोद्धार आणि झाडीपट्टीच्या वह्या

कोल्हापुरांत राजर्षि शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर सन १९१५ त सुरू झालें. १९५७ पासून तें केशवराव भोसले यांच्या नांवें ओळखलें जातें. ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें आगींत सांपडलें. रंगमंच व प्रेक्षागृह जळालें. दर्शनी दगडी काम बचावलें. अशा वास्तूच्या जीर्णोद्धारांत जुनें कोणतें व नवें कोणतें, हें पुढील अभ्यासकास ओळखतां आलें पाहिजे. पोथीचा संपादक त्रुटित अक्षरें पुरवितो तीं कंसांत; वास्तूसहि तोच नियम लागू करावा, असें आमचें मत आहे.

भंडारा जिल्ह्यांत हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. झाडीपट्टीचें नाटक पक्क्या रंगमंदिरांत वाढलें नाहीं. धान निघाल्यावर मंडई, शंकरपट भरूं लागले, कीं मोकळ्या जागेंत मंडप घालावयाचा, पडदे टांगावयाचे, रात्रभर प्रयोग करावयाचा आणि मग सर्व उकलावयाचें. येथें दगड उरत नाहीं. उरतो तो कागद. या रंगभूमीवर प्रॉम्प्टरचें महत्त्व मोठें. त्याच्या वहींतील गाळलेले संवाद व वाढविलेलीं पदें हेंच प्रयोगाचें अस्सल साधन होय. यास्तव संग्राहकांस आमची विनंति, कीं अशा वह्या व हस्तपत्रकें गांव, मंडळी व तिथि नोंदवून जतन करावीं, आणि शुद्ध प्रत करण्याच्या हौसेनें मूळ खाडाखोड पुसूं नये.