जन्माची हजेरी

कायद्याने माणसं वेगळी ठेवली म्हटलं की आपल्याला दक्षिण आफ्रिका आठवते. तिथे १९५० मध्ये कायदे करून प्रत्येकाची वंशानुसार नोंद केली, आणि कुणी कुठे राहायचं तेही ठरवून टाकलं. पण इथं डोंगरकड्यात बसून आपण तेवढं लांब कशाला जायचं? सोलापूरपर्यंत गेलो तरी पुरे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी, हे सगळं मागोमाग आलं. आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, मांग गारुडी अशी कुटुंबं तिथे ठेवली. माणसं गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

आता तिथल्या पोराचा विचार करू. त्याला दोन हजेऱ्या कळायच्या. शाळेतली हजेरी म्हणजे शिकायला आलास. आई-बापांची हजेरी म्हणजे पळून गेला नाहीत. १९२४ च्या कायद्यात तर मुलांना आई-बापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता.

तत्त्वज्ञानात आम्ही शिकवायचो, दोष कृतीला लागतो. आधी माणूस काहीतरी करतो, मग त्याचा न्याय होतो. इथे न्याय आधीच झालेला, आणि पोरगं अजून पाळण्यात! अस्पृश्यता रूढीने चालली, आणि रूढीविरुद्ध निदान कायद्याकडे बोट तरी दाखवता येतं. इथे कायदाच समोर उभा. मग बोट दाखवायचं कुणाकडे?

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्या जमातींना आपण ‘विमुक्त’ म्हणू लागलो.

पण कायद्याने लावलेली सवय कायद्याबरोबर जात नाही. गावाबाहेर पालं पडली आणि त्या रात्री कुणाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तर आपण आधी कुठे बघतो? पालातलं पोरगं तेव्हा आपल्याकडेच बघत असतं. आपण कोण आहोत, हे ते आपल्या नजरेतून शिकतं. कुंपणाची तार निघाली. नजरेतली काढायचं काम सरकारचं नाही, तुमचं-आमचं आहे.