स्नायुविघटनाची पूर्वसूचना : क्रिएटिन कायनेज विकराची पातळी

प्रस्तावना : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरातील भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातील भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले. ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या व्यक्तीस पुढे कोणता धोका संभवतो, हे जाणणे म्हणूनच मराठवाड्यात अगत्याचे ठरते.

विवेचन : दीर्घकाळ चेंगरलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून क्रिएटिन कायनेज हे विकर, मायोग्लोबिन व पोटॅशियम रक्तात उतरतात. अशा जखमींची मूत्रपिंडे निकामी होतात, हे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये लंडनमधील बॉम्बहल्ल्यांच्या संदर्भात दाखवून दिले. विकराची पातळी इजेनंतर १२ तासांच्या आत वाढू लागते आणि १ ते ३ दिवसांत कमाल होते. त्यामुळे पहिली चाचणी सामान्य आली तरी ती पुन्हा करावी लागते. पाचपट वाढ स्नायुविघटन सुचवते. प्रतिलिटर ५,००० एककांपुढे मूत्रपिंडांचा धोका वाढतो. विकर केवळ सूचक असते. घात करतात ते मायोग्लोबिन व पोटॅशियम.

निष्कर्ष : वरून जखम किरकोळ भासली तरी चेंगरलेल्या रुग्णाची लघवी चहासारखी गडद दिसल्यास, अहवालाची वाट न पाहता वैद्यकीय देखरेखीखाली शिरेवाटे सलाईन सुरू करणे हितावह ठरते.