नाणेघाटातल्या दहा हजार एक गाई

जुन्नरहून घाटघरच्या पुढे गेलं की नाणेघाट. तिथल्या जकातीच्या दगडी रांजणाशी फोटो तर सगळेच काढतात. तुम्ही मात्र जरा खाली, कातळातल्या लेण्यात शिरा आणि भिंती बघा. भिंतीवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांच्या यज्ञांचा हिशोब कोरलाय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. हा लेख नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो. कुठल्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, सगळं आकड्यांत!

एका यज्ञाची दक्षिणा होती १०,००१ गाई. तेव्हाच्या या आकड्यांत शून्य नव्हतं. हजाराच्या खुणेला दहाची खूण जोडली की झाले दहा हजार. आणि एक म्हणजे नुसती आडवी रेघ. (वरचा एक आपण अजून सोडलेला नाही. आहेराचं पाकीट बघा : १०१, ५०१!)

आता सांगा, १०,००१ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच निःशेष भागत नाही का? दिसते तर अगदी तशीच. २ आणि ५ दारातूनच परत. अंकांची बेरीज २, म्हणून ३ पण गेला. ७ ने बाकी ५, ११ ने २, १३ ने ४. किती वेळ भागत बसायचं? शंभरपर्यंतच्या मूळ संख्या पुरेत, कारण १०१ × १०१ म्हणजे १०,२०१, आपल्या संख्येच्या पुढेच गेलं. अशा संख्या पंचवीसच आहेत. पहिल्या वीस हात हलवत परत येतात आणि एकविसावी, ७३, बरोब्बर भागते! १०,००१ = ७३ × १३७.

आता गंमत. मैत्रिणीला कुठलीही चार अंकी संख्या दोनदा लिहायला सांगा. समजा, ४८२६४८२६. तिला ७३ ने भागा : ६६११६२. मग १३७ ने भागा : ४८२६! दोनदा लिहिणं म्हणजे १०,००१ ने गुणणंच, म्हणून हे दर वेळी जमतं.

पाच अंकांतली सगळ्यात लहान मूळ संख्या १०,००७. सहा गाई कमी पडल्या म्हणायच्या! मोठ्या मूळ संख्यांचा शोध अजून चालूच आहे. २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना एक सापडली. १३,६२,७९,८४१ वेळा २ मांडून गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा, ती ही संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिथे एकेका संख्येने भागत बसणं संगणकालाही परवडत नाही, त्यासाठी वेगळी परीक्षा असते.

नाणेघाटाच्या भिंतीवर १,००१, १,००२, १,१०१ आणि ६,००१ सुद्धा आहेत. एकही मूळ नाही. पहिल्या तिघी चटकन फुटतात. ६,००१ ला जरा दम लागेल, पण विसाच्या आत काम होतं. घ्या कागद!