डांगाणातला उन्हाळा

उन्हाळ्याच्या सुटीत थंड हवेच्या ठिकाणी जावे, हा शिरस्ता आपल्याकडे इंग्रजी अमलात पडला. आणि मुंबई इलाख्याच्या साहेबलोकांनी महाबळेश्वर व माथेरान पसंत करून तेथे बंगले, बाजार आणि सहलीच्या ठरीव जागा यांची जी व्यवस्था लावून दिली, तिच्याच चाकोरीतून आपला मध्यमवर्ग अद्याप फिरत आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगरचे, नाव या संदर्भात कोणाच्या ओठावर येत नाही. या जिल्ह्याची ओळख दुष्काळ, ऊस, साखर कारखाने आणि शिर्डी यांवरून ठरून गेली आहे, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्याच्या शिवेवर उभे आहे, हे खुद्द नगरकरांनाही आठवण करून दिल्यावाचून सुचत नाही. तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्याला तिकडचे लोक डांगाण म्हणतात. पावसाळ्यात येथे मोटारींची रीघ लागते. चैत्र-वैशाखात मात्र मुलूख मोकळा असतो, आणि माझ्या मते तो पाहावा तर तेव्हाच.

येथला उन्हाळा शीतल असतो अशी कोणी समजूत करून घेऊ नये. दुपारी काळा कातळ तापून निघतो, गवत पिवळे पडून मोडते, आणि पावसाळ्यात ज्यांची चित्रे निघतात ते धबधबे कड्यावरच्या काळ्या ओघळांपुरते उरतात. रात्री मात्र पांघरूण लागावे असा वारा सुटतो, आणि पहाटेच्या प्रहरी जी हवा असते तिच्यासाठी दुपारचा ताप सोसण्यास हरकत नसावी. मुख्य म्हणजे पावसाच्या पडद्याआड दडलेली माणसांची राहणी या दिवसांत उघड्यावर येते. पीक घरात आलेले असते, पुढच्या पिकाची तयारी चाललेली असते, आणि या दोहोंच्या मधल्या अवकाशात सण, लग्ने, सोंगे आणि पाहुणे यांना जागा मिळते.

तयारी म्हणजे राब. भाताची व नागलीची रोपे ज्या लहानशा तुकड्यात वाढवायची, तो तुकडा भाजून काढण्याच्या या कामात वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर झाडांचे तहाळ व पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सर्वांवर मातीचा पातळ हात अशी रचना करतात व वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावतात, म्हणजे आग धावत न सुटता सावकाश, धुमसत, जमिनीत उतरत जाते. तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते. झाडे छाटून जाळण्यावर जाणत्या लोकांचा आक्षेप आहे व तो अगदीच निराधार नाही. पण ज्या जमिनीवरचा सारा कस मुसळधार पावसाने दरसाल धुऊन जातो, तेथे ही तजवीज पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने बसवली आहे, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे. वैशाखात संध्याकाळी खाचरांवर तरंगणारा निळसर धूर या राबांचा असतो.

डांगाणातल्या घरी पाहुणा उतरला म्हणजे त्याच्या ताटात जे पडते ते बहुतेक सर्व साठवणीतले असते. उन्हाळ्यात येथे शेतात काही पिकत नाही. कणगीत काय आहे, यावर घराची श्रीमंती ठरते. त्या कणगीचा आधार म्हणजे नागली, जिला देशावर नाचणी म्हणतात. या बारीक, तांबूस धान्याला कीड सहसा लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे टिकते, म्हणूनच ज्या मुलखाने दुष्काळ व सावकार या दोघांचेही तडाखे खाल्ले त्याने त्याला जवळ केले. (याच सावकारी जाचाविरुद्ध उठाव करणारे देवगावचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी फाशी दिले, महादेव कोळी समाजात त्यांचे नाव आजही आदराने घेतात.) नागलीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. म्हणून घरची बाई आधणाच्या पाण्यात पीठ उकडून घेते, काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडून मऊ करते, आणि गोळा थापताना हाताला पाणी लावत त्याची कड सारखी वळवत राहते; जराही दुर्लक्ष झाले की कडेला चिरा पडतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो, भाकर उलटते, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी राहून फुगते. तिच्यासोबत खुरासणीची चटणी येते. हे काळे तेलबी भाजून लसूण, मिरची व मीठ यांसह पाट्यावर वाटले म्हणजे त्याला जो तेलकट, किंचित कडसर वास सुटतो, तो एकदा आवडला की शेंगदाण्याची चटणी मिळमिळीत वाटू लागते. हुलग्याचे पिठले, उडदाचे घुटे, वरईचा भात, आणि दुपारच्या उन्हातून आलेल्याला आधी नागलीची आंबील, हा बाकीचा सरंजाम. शहरातल्या पाहुण्यांच्या हट्टापायी आता पर्यटकांसाठी उभारलेल्या तंबूंच्या वस्तीवर पनीरही शिजते; त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ही साठवण केवळ पोटापुरती नसून बियाण्याचीही असते, आणि तिचे मोल बाहेरच्या जगाला कळले ते याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी भात, वाल, घेवडा, पालेभाज्या यांचे गावठी वाण राखेत घोळून, मडक्यांत भरून, तोंड लिंपून जपले, बायफ या संस्थेच्या साहाय्याने घराची बीजबँक केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग अशा भातांची नावे त्यानंतर वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागली. डांगाणातल्या चुलींना ती आधीपासून ठाऊक होती.

ताज्या खाण्याचा पुरवठा या दिवसांत रान करते. करवंदाच्या जाळ्या वैशाखात काळ्या होतात, मागून जांभळे येतात, गावठी आंबे पडतात, आणि रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांच्या द्रोणांत हा मेवा मांडून पोरे बसलेली दिसतात. घेणाऱ्याने तेथे भाव करू नये. काटेरी जाळीत हात घालून एक द्रोण भरायला किती वेळ लागतो, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. हिरड्याची कोवळी फळे, ज्यांना बाळहिरडा म्हणतात, ती मात्र खायची नसून विकायची असतात. औषधाच्या व्यापाऱ्याकडून मिळणारा तो पैसा पावसाळ्याआधीच्या खरेदीला उपयोगी पडतो.

आता पाण्याविषयी. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेवर १९१० साली सुरू झालेले भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले व मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या धरणाने ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांच्या वाटे खालचा मुलूख भिजवला, तेथे ऊस आणला, आणि त्या उसावर १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याच्या इतिहासातले हे सोन्याचे पान खरेच. परंतु जिल्ह्यातला सर्वांत मोठा पाऊस ज्यांच्या कौलांवर पडतो, त्याच पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट चढताना दिसतात. कातळावरून पाणी वाहून जाते, धरणात जाते, आवर्तनाने खाली जाते. धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूने पाहावे तर जलाशय काठापासून हटत हटत तांबड्या मातीचे कडे उघडे पाडीत असतो. तंबूत उतरलेल्या पाहुण्याने बादलीभर पाण्याने पाय धुताना ती बादली कोणी आणली, याची चौकशी अवश्य करावी.

हिंडायचे तर गावकऱ्यांच्या घड्याळाने हिंडावे. कळसूबाईसाठी बारी गावातून पहाटेच्या अंधारात निघावे, लोखंडी शिड्या उन्हे तापवण्याआधी चढून जाव्यात, आणि देवीच्या लहानशा देवळाशी बसून समोर अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांची रांग उजाडताना पाहावी. ऊन चढण्यापूर्वी खाली उतरलेला माणूसच दुपारचे जेवण चवीने जेवतो. साम्रदजवळची सांदण दरी तर पावसाळ्यात वर्ज्यच, कारण दोन उंच कातळभिंतींमधली ती अरुंद चीर म्हणजे पाण्याची वाट आहे. उन्हाळ्यात मात्र तिच्या तळाशी भर दुपारी सावली असते, आणि मधल्या डोहातले कमरेभर पाणी अंगावर शहारा आणते. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या मंदिरात पावसाळ्यात गाभारा पाण्याने भरतो. या दिवसांत तो कोरडा असल्याने खांबांवरचे व छतावरचे कोरीव काम निवांतपणे पाहता येते. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून चढावे. चांगदेवांच्या वास्तव्याशी जोडलेल्या या गडावर केदारेश्वराच्या लेण्यात प्रचंड शिवलिंग पाण्यात उभे आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, आणि प्रदक्षिणा घालायची तर त्या गार पाण्यातूनच घालावी लागते. हा सारा टापू १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा वाटाड्या गावचाच घ्यावा. त्याला वाट माहीत असते, वणवा कोठे लागला आहे तेही माहीत असते.

होळीपासून वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. रात्री संबळ व पिपाणीच्या सुरावर, पूर्वी मशालींच्या व आता विजेच्या उजेडात, गणपती, शारदा, रावण, नरसिंह अशी देवादिकांची व राक्षसांची सोंगे भले मोठे मुखवटे चढवून एकामागून एक नाचत येतात; कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, याचा मान पुष्कळ गावांत ठरलेला असतो आणि तो सोडण्यास कोणी राजी नसते. एरवी राबाच्या धुराने डोळे लाल झालेला गृहस्थ त्या रात्री देव असतो. पाहणाऱ्याने मागे बसावे आणि मुखवट्याच्या तोंडावर दिवा मारून छायाचित्रे घेऊ नयेत.

हीच विनंती काजव्यांच्या वतीने अधिक कळकळीने करावी लागते. मेच्या अखेरीस, वळवाचा एखादा शिडकावा होऊन गेला की भंडारदरा, घाटघर, मुतखेल, रतनवाडी या बाजूचे हिरडे, बेहडे, सादडे आणि जांभळी रात्री लुकलुकू लागतात. एका झाडावरचे हजारो नर जणू ठेका धरून एकदम उजळतात व एकदम विझतात. हा त्यांचा माद्यांना धाडलेला निरोप असतो. या किड्यांचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत गोगलगायी खाऊन जाते, आणि पंख फुटल्यावर त्यांच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. मोटारीचा प्रखर दिवा झाडावर पडला म्हणजे निरोप पोचत नाही, आणि न पोचलेल्या निरोपाचा परिणाम पुढच्या वर्षी रिकाम्या फांदीवर दिसतो. अलीकडे येथे शनिवार-रविवारी जत्रा भरते, वनखात्याने वेळेचे व प्रवेशाचे निर्बंध घातले आहेत, आणि त्याविषयी कुरकुर करणाऱ्यांना माझी मुळीच सहानुभूती नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, दिवे मालवून चालावे.

मृग लागला की हे सर्व चार दिवसांत आटोपते. काजवे संपतात, काठावरचे तंबू गुंडाळले जातात, राबात बी पडते, आणि कालपर्यंत 'बसा दादा, भाकर टाकते' म्हणणारी घरधनीण पहाटेच इरले घेऊन खाचरावर गेलेली असते. तेव्हा त्या आठवड्यात कोणाकडे उतरायचे झालेच, तर जेवण वेळेवर मिळेल असे गृहीत धरू नये.