नॅचेझ पाहायचं तर सुरुवात बाजारापासून करा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ हे नदीकाठचं छोटं शहर यादवी युद्धापूर्वीच्या हवेल्यांसाठी प्रसिद्ध आहे. 1932 पासून वसंतात त्या पाहायला पर्यटक येतात. पण माझ्या मते फेरी सुरू करावी ती ‘फोर्क्स ऑफ द रोड’पासून. तिथे 1863 पर्यंत गुलामांचा मोठा बाजार होता. आज माहितीफलकांजवळ काँक्रीटमध्ये रुतवलेल्या गंजक्या बेड्या दिसतात. काहीजण म्हणतात, वास्तुकलेत गुलामगिरी कशाला आणायची? लाँगवूडची अष्टकोनी हवेलीच त्याचं उत्तर आहे. 1861 मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेकडचे कारागीर काम टाकून परतले आणि 32 पैकी तळघरातल्या 9 खोल्याच पुऱ्या झाल्या, त्याही गुलामांच्या हातून. वरचे मजले अजून उघड्या विटांचे आहेत. या डोलाऱ्यामागचा पैसा कापसाचा होता आणि कापूस वेचणारे हात विकत घेतलेले.

अशाने इतिहास एकांगी होतो, हा आक्षेपही टिकत नाही. गुलामीतून मुक्त झालेला कृष्णवर्णीय न्हावी विल्यम जॉन्सन पुढे स्वतःच गुलाम बाळगत होता. 1835 ते 1851 ची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. त्याचं घर आता संग्रहालय आहे. हवेल्यांच्या आधी तेही जरूर पाहा.