जिंकलेल्या करदाव्याचा खर्च
अमेरिकेत पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्रावर सह्या केल्या की त्यावरील संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही येते. म्हणजे जेवणाच्या टेबलावर न वाचता केलेल्या एका सहीपायी, पतीने दडवलेल्या उत्पन्नाचा कर घटस्फोटानंतरही पत्नीकडून वसूल होऊ शकतो. अशा अनभिज्ञ जोडीदाराला दायित्वातून मोकळे करणारे करसंहितेचे कलम ६०१५ हे १९९८ सालचे. मात्र दावा जिंकला म्हणून वकिलाचे बिल सरकार आपोआप भरत नाही. त्यासाठी त्याच संहितेच्या कलम ७४३० नुसार कर खात्याअंतर्गत उपाय आधी संपवावे लागतात, निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरच्या आत असावी लागते, आणि तरीही खात्याने आपली भूमिका पुरेशी समर्थनीय होती असे दाखवून दिल्यास भरपाई नाकारली जाते. खरी मेख इथेच आहे: पत्नीला काय ठाऊक होते, हे बहुधा तिच्या साक्षीवरूनच ठरते, त्यामुळे साक्षीपूर्वी खात्याने धरलेला संशय न्यायालयाला अवाजवी वाटेलच असे नाही. खर्च मंजूर झाला तरी वकिलाचा ताशी दर सहसा कायद्याने आखलेल्या, महागाईनुसार वाढणाऱ्या मर्यादेतच धरला जातो. स्वतःची बाजू स्वतःच मांडणाऱ्याला तर त्याच्या वेळेचे काहीच मिळत नाही.