मनाचे दोन ध्रुव : निदानानंतरचे निर्णय

मनोविकारतज्ज्ञांनी ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे शब्द उच्चारले, की आईवडिलांच्या मनात बहुधा तीन प्रश्न उभे राहतात. आमचे काय चुकले? औषधे आयुष्यभर घ्यावी लागतील का? आणि औषध रोगापेक्षा वाईट तर नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर काळाच्या ओघात मिळत जाते. तिसरा प्रश्न मात्र नीट तपासून पाहण्याजोगा आहे, आणि या लेखात मुख्यतः त्याचाच विचार करायचा आहे.

शिक्षकांनी तो समजून घेण्याचे कारण उघड आहे. हा विकार बहुतेकदा पौगंडावस्थेत किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर डोके वर काढतो, म्हणजे मूल शाळेत वा कनिष्ठ महाविद्यालयात असताना. शिवाय डॉक्टरांकडून परत आलेले पालक ‘तुम्हाला काय वाटते?’ असे पुष्कळदा गुरुजींना किंवा बाईंनाच विचारतात.

विकाराचे स्वरूप

मराठीत याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. एक ध्रुव उन्मादाचा, दुसरा अवसादाचा म्हणजे खोल नैराश्याचा. या दोन अवस्था आलटूनपालटून येतात आणि मधल्या काळात माणूस पुष्कळदा पूर्ववत असतो. उन्मादात झोपेची गरजच कमी होते. मूल अखंड बोलते, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारते, अचाट बेत आखते, पैसे उधळते किंवा जरा अडवले तरी भडकते. ही अवस्था निदान आठवडाभर, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकली तरच तिला उन्माद म्हणतात. रुग्णालयात दाखल करण्याइतकी ती तीव्र असेल, तर मात्र मुदतीची अट राहत नाही. अवसादासाठी ही मुदत किमान दोन आठवड्यांची आहे.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या मनाचे चढउतार सर्वांच्याच परिचयाचे असतात. ते बहुधा काही तासांचे असतात आणि त्यांना काही निमित्त असते. द्विध्रुवी विकारात झोप, बोलणे, उत्साह आणि विचार हे सारे एकदमच बदलते आणि दिवसच्या दिवस बदललेले राहते. झोपेचे उदाहरण घेऊ. परीक्षेसाठी रात्रभर जागलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. उन्मादातील विद्यार्थी तीन रात्री जेमतेम दोन-दोन तास झोपूनही ताजातवाना असतो.

आता ‘आमचे काय चुकले?’ या प्रश्नाविषयी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. मात्र त्यामागे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला विकार झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. ताण, जागरण आणि व्यसने यांमुळे झटका उद्भवू शकतो. परंतु आई रागावली किंवा वडिलांनी लाड केले म्हणून हा विकार होत नाही.

निदान तपासून घेणे

उपचारांची तुलना करण्याआधी निदान पक्के हवे. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या बाह्यरुग्ण भेटींमध्ये या निदानाचे प्रमाण सुमारे चाळीस पटींनी वाढल्याचे आढळले. एवढ्या थोड्या वर्षांत रोग चाळीस पटींनी वाढत नाही. निदान करण्याची पद्धत बदलली होती. सतत चिडचिड करणाऱ्या मुलांनाही हेच नाव दिले जात होते. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात अशा मुलांसाठी वेगळे निदान समाविष्ट करण्यात आले.

त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. विचारायचे ते असे : निरनिराळे झटके स्पष्टपणे ओळखता येतात का? प्रत्येक झटका किती दिवस टिकला? त्या काळातले वागणे मुलाच्या एरवीच्या स्वभावाहून वेगळे होते का? थायरॉइड ग्रंथीचा आजार, मादक पदार्थ किंवा आधी चालू असलेले एखादे औषध यांचा हा परिणाम नाही ना? नैराश्यासाठी दिलेल्या काही औषधांमुळेही उन्माद उफाळू शकतो.

लिथियमची गोष्ट

औषध आणि विष यांतील अंतर समजण्यासाठी लिथियमइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात जॉन केड या मनोविकारतज्ज्ञाने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिले आणि त्यांच्यात मोठी सुधारणा नोंदवली. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड खाल्ल्यामुळे काही हृदयरुग्ण विषबाधेने दगावले. पदार्थ एकाच मूलद्रव्याचे. फरक होता तो मात्रेचा आणि देखरेखीचा.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण ज्वाला परीक्षा करतो. सोडियमची ज्वाला पिवळी दिसते, लिथियमची किरमिजी. ज्वालेच्या रंगाची तीव्रता मोजून रक्तातील लिथियमचे प्रमाण काढण्याचे तंत्र १९५० नंतरच्या दशकात वापरात आले आणि औषध सुरक्षितपणे देणे शक्य झाले. १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. १९७० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी लिथियमला मान्यता दिली.

आज रक्तातील लिथियमची पातळी साधारणपणे दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात. तीव्र उन्मादात ती थोडी अधिक चालते. १.५ च्या वर विषबाधेचा धोका सुरू होतो. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा इतक्या जवळ असल्यामुळे रक्ततपासणी टाळता येत नाही. शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी रक्त घ्यायचे असते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्यही अधूनमधून तपासतात.

आवर्तसारणीत लिथियम आणि सोडियम एकाच गणात आहेत, हे येथे उपयोगी पडते. मूत्रपिंड लिथियमला बव्हंशी सोडियमसारखेच वागवते. उलट्या, जुलाब, ताप, कडक ऊन किंवा निर्जळी उपवास यांमुळे शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही. गोळ्या तेवढ्याच घेतल्या तरी रक्तातील पातळी चढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही असेच होते. म्हणून लिथियम घेणाऱ्या मुलाने पाणी भरपूर प्यावे, जेवणातील मीठ एकाएकी कमी करू नये आणि दुकानातून परस्पर गोळी आणून घेऊ नये. हातांचा मोठा थरकाप, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या-जुलाब ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे.

आकडे कसे वाचावेत

लिथियमखेरीज व्हॅल्प्रोएट, तसेच रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, क्वेटियापिन ही औषधे वापरात आहेत. त्यांची तुलना कशी करतात हे एका चाचणीवरून पाहू. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ६ ते १५ वर्षांच्या २७९ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागून तीन औषधे देण्यात आली. आठ आठवड्यांनी रिस्पेरिडोनच्या गटात सुमारे ६८ टक्के मुलांचा उन्माद पुरेसा उतरला. लिथियमच्या गटात सुमारे ३६ टक्के आणि व्हॅल्प्रोएटच्या गटात २४ टक्के.

एवढ्यावरून ‘रिस्पेरिडोन सर्वांत चांगले’ असे म्हणावे का? आणखी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. एक, रिस्पेरिडोनच्या गटात वजन अधिक वाढले आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळीही चढली. दोन, ही मुले लहान वयाची होती. सतरा वर्षांच्या मुलाला हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तीन, चाचणी आठ आठवड्यांची होती. पुढची पाच वर्षे झटके टाळण्यात कोणते औषध सरस ठरेल, हे तिच्यावरून कळत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ७ ते १७ वर्षांच्या ८१ मुलांमध्ये लिथियम हे औषधरहित गोळीपेक्षा सरस ठरले आणि वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. प्रौढांमध्ये तर झटके पुन्हा येऊ न देण्याबाबत आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमच्या बाजूचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

मुलगी असेल तर आणखी एक बाब येते. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येऊ शकतात. युरोपमध्ये २०१८ पासून मुली व स्त्रियांमधील त्याच्या वापरावर कडक बंधने आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीचे पालक हा प्रश्न विचारायला संकोचतात. तो विचारलाच पाहिजे.

तराजूचे दुसरे पारडे

पालक औषधाचे दुष्परिणाम आणि ‘काहीच न घेणे’ यांची तुलना करतात. पण काहीच न घेणे म्हणजे शून्य धोका नव्हे. उपचार न झालेल्या या विकारात झटके परत येतात, शाळेची वर्षे वाया जातात, नाती तुटतात आणि आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक असतो. औषधाचा धोका तोलायचा तो या धोक्यासमोर.

शिवाय हे वजन एकदाच करून भागत नाही. तीव्र उन्मादात लवकर उतार पडणे महत्त्वाचे असते, तेव्हा एक औषध योग्य ठरेल. पुढे झटके टाळणे हा हेतू असतो, तेव्हा दुसरे. सहा महिने मूल बरे आहे म्हणून गोळ्या बंद करणे ही नेहमी घडणारी आणि महागात पडणारी गोष्ट आहे. लिथियम एकाएकी थांबवल्यास झटका परतण्याची शक्यता विशेष वाढते. औषध कमी करायचे तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू आणि परीक्षेचा हंगाम टाळून करावे.

औषधांच्या जोडीला कुटुंबाला विकाराची माहिती देणारे आणि घरातील वादावादी कमी करणारे समुपदेशन उपयोगी ठरते. झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळांचेही तसेच. योगासने, आयुर्वेदिक काढे यांची जोड द्यायची असेल तर ती डॉक्टरांना सांगून द्यावी. मूळ औषध बंद करून नव्हे.

नोंदवही आणि शाळा

डॉक्टर मुलाला महिन्यातून पंधरा-वीस मिनिटे पाहतात. उरलेला महिना पाहतात ते घरचे लोक आणि शिक्षक. म्हणून साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : झोपेचे तास, मनःस्थिती उणे तीन ते अधिक तीन या मापावर, घेतलेल्या गोळ्या आणि विशेष घटना. दरमहा वजन नोंदवावे. मोठ्या मुलाने ही वही स्वतः लिहिली तर अधिक चांगले, कारण येणारा झटका ओळखायला तो त्यातूनच शिकतो. तीन महिन्यांचा आलेख काढल्यास औषधाचा उपयोग होतो आहे की नाही, हे आठवणीपेक्षा अधिक खात्रीने कळते.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. निदानाची माहिती पालकांच्या आणि मुलाच्या संमतीशिवाय शिक्षकखोलीत नेऊ नये. लिथियम घेणाऱ्या मुलाला वर्गात पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक असावी. झटक्यानंतर परतलेल्या मुलाला गृहपाठ थोडा थोडा द्यावा. सलग दोन-तीन दिवस बोलणे व वागणे बदललेले दिसले तर पालकांना कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याखालील सवलतींची चौकशी शाळेने पालकांसाठी करता येईल.

मूल मरणाविषयी बोलू लागले तर ते नाटक समजू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मूल मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातील औषधे कुलपात ठेवून एका वेळी एकच मात्रा हाती द्यावी, कारण लिथियमच्या जादा गोळ्या प्राणघातक ठरू शकतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते.

आयुष्यभर औषध लागेल का, या प्रश्नाचे उत्तर निदानाच्या दिवशी कोणीही देऊ शकत नाही. पुष्कळांना ते अनेक वर्षे घ्यावे लागते आणि ते घेत शिक्षण, नोकरी, संसार करणारी माणसे आपल्या आसपास आहेत. आईवडिलांनी आज ठरवायचे आहे ते पुढच्या तीन महिन्यांचे : कोणते औषध, कशासाठी, कोणत्या तपासण्यांसह, आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ओळखायचे. ही चार उत्तरे कागदावर लिहून घेऊनच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडावे, आणि पुढच्या भेटीला जाताना तो कागद व नोंदवही बरोबर न्यावी.